तुमच्या लेकीला पण येते का?

मिरजेला ओपीडीत नंबराची वाट बघत बसलं की शेजारची बाई हळूच विचारते, "ताई, हे रक्तात असतं का हो? तुमच्या लेकीला पण येते का फिट?" गेल्या महिन्यात तुम्ही हेच विचारलंत, तेव्हा तुमची सतरा वर्षांची मुलगी तुमच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि बोलणं अर्धवट राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर सांगते.

माझ्या लेकीला येत नाही. ती सोळा वर्षांची आहे. पण रक्तात काहीच नसतं असंही मी म्हणणार नाही.

माझं पंधराव्या वर्षी सुरू झालं. सांगलीच्या घरी चुलतबहिणीची हळद होती, रात्रभर जागरण. सकाळी चहाची कपबशी हातात घेतली आणि हात असा झटकला गेला की बशी थेट भिंतीवर! मी पूर्ण शुद्धीत होते. अर्ध्या तासात मोठी फिट आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. दातांत चमचा कोंबला, त्यात पुढच्या दाताचा टवका गेला. (फिट आलेल्याच्या तोंडात काही म्हणजे काही घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी बोलवा.)

पहिल्या डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन हे फिटचं औषध दिलं, त्यानं झटके उलट वाढले. पुढे दुसऱ्यांनी विचारलं, "घरात सकाळी अजून कुणाचे हात उडतात का?" बाबा एकदम गप्प झाले. माझ्या आत्याच्या हातून रोज सकाळी पळी नाहीतर तांब्या उडायचा. मोठी फिट तिला कधीच आली नाही. जन्मभर सगळ्यांनी तिला धांदरट म्हटलं. त्या एका प्रश्नानं माझ्या आजाराचं नाव कळलं, ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे वयात येताना सुरू होणारा, हात झटकणारा अपस्मार, आणि गोळी बदलली.

रक्तातलं म्हणजे काय, ते आमच्या सांगलीच्या पुरावरून सांगते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. पण ज्याचं जोतं सखल, त्याच्या घरात पाणी आधी शिरतं. फिटचंही तसंच, आमचं जोतं जन्मतःच सखल. मेंदूच्या पेशींमध्ये सोडियम-पोटॅशियमची ये-जा होते, तिची दारं जनुकं घडवतात. माझ्या प्रकारात बहुतेकदा एकच जनुक दोषी नसतं, अनेकांतले बारीक फरक मिळून जोतं खाली येतं. मग जागरण झालं, गोळी चुकली, की पाणी आत. आत्याचं आणि माझं जोतं एकाच घरातलं, तरी पाणी सारखं चढलं नाही.

कुठल्याही प्रकारचा अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, शंभरातल्या एखाददुसऱ्या मुलाला होतोच. आईवडिलांपैकी एकाला असेल तर साधारण चार-पाच जणांना. म्हणजे पंचाण्णव तरी सुटतात. उलट ड्राव्हे सिंड्रोम या अपस्माराच्या वेगळ्या प्रकारात बाळाला वर्षाच्या आत, बऱ्याचदा तापात, फिट येते. बहुतेकदा एससीएन१ए या एका जनुकात बिघाड असतो, आणि बहुतेक वेळा तो आईवडिलांत नसतोच, बाळातच नव्यानं घडतो. तरी घरात सुनेच्या माहेराला बोल लावतात, याचा मला फार राग येतो. डोक्याला मार, जन्मताना गुदमरणं, मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठी, यांनीही फिट येते.

तुम्ही स्थळांविषयी म्हणालात, "झाकून ठेवू." नका ठेवू. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं ही लग्नातली अडचण म्हणून घातली होती. १९९९ साली ती काढून टाकली. मी बघण्याच्या कार्यक्रमातच सगळं सांगितलं, त्यामुळे गोळी कधी लपवावी लागली नाही. मूल हवं असं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आधीच माझी व्हॅल्प्रोएटची गोळी बंद करून दुसरी बसवली, कारण पोटातल्या बाळाला व्हॅल्प्रोएट बाधतं. स्वतःच्या मनानं मात्र गोळी कधीच सोडायची नाही.

पुढच्या तारखेला येताना मुलीच्या सकाळच्या झटक्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा. आणि सासरी-माहेरी सकाळी कुणाच्या हातून भांडी पडतात, ते विचारून या.