'घरकुल'ची पुस्तिका वाचवताना

राजा ठाकूर यांच्या 'घरकुल' (१९७०) या मराठी चित्रपटाची गाण्यांची पुस्तिका मला फोंड्यात मिळाली. घर रिकामं करताना एका काकींनी ती रद्दीतून वेगळी काढली होती. "गाणी आहेत बघ यात. हवी तर ने," म्हणाल्या.

'पप्पा सांगा कुणाचे' किंवा सुरेश भटांचं 'मलमली तारुण्य माझे' कुणाला ठाऊक नाही? सी. रामचंद्रांच्या चाली अजून ओठांवर आहेत. चित्रपट पाहिलेलं मात्र माझ्या ओळखीत क्वचितच कुणी भेटतं. अशा चित्रपटांच्या पुस्तिकांवर संग्राहक जीव टाकतात तो यासाठीच. गाणी रेडिओनं जपली, पण लहानसहान भूमिका करणाऱ्यांची, साहाय्यकांची नावं अशा कागदांवरच उरतात. आणि कथासार! ते ऐन पेचात थांबतं नि पुढचं पडद्यावर पाहायला सांगतं. घर मोडणार की सांधणार, हे चोपडी विकत घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मला हे फार गोड वाटतं.

पुस्तिका ओलसर होती, कडांना बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांवर जातो. पासष्टच्या वर गेला की बुरशीला रान मोकळं. म्हणून आधी पानापानांत टिपकागद घालून पंख्याखाली ठेवली, ऊन लागू दिलं नाही. उन्हात शाई उडते, कागद कडक होतो. टिपकागद पुन्हापुन्हा बदलले. पूर्ण सुकल्यावरच बाहेर पडवीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं बुरशी झाडली. ओली असताना पुसली तर ती कागदात आणखी मुरते. गंजलेल्या पिना ओढल्या नाहीत. मागचे पाय पातळ पात्यानं सरळ करून अलगद काढल्या आणि घडी सुती दोऱ्यानं शिवली. चिकटलेली दोन पानं बांबूच्या पातळ चिपेनं सुटी करायला सगळ्यात जास्त वेळ लागला. फाटक्या कडेला जपानी कागदाची (पातळ पण चिवट) पट्टी लावली, गव्हाच्या खळीनं.

लॅमिनेशन सुचवणारे पुष्कळ भेटले. कृपा करून कुणी करू नका. ते परत निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करतो. माझी पुस्तिका आता आम्लरहित कागदाच्या पाकिटात आहे, डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल.

मधलं एक पान गहाळ आहे. कुणाकडे अखंड प्रत असेल तर त्या पानाचं स्कॅन हवं आहे. माझ्याकडची बाकीची पानं मी आनंदानं पाठवीन.