क्षमेच्या बंद दारापाशी

स्पेनमधल्या लेओनहून सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंतचे सुमारे ३१० किलोमीटर पायी जायचे ठरवले, तेव्हाच मनात एक अडचण होती. तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही, ते देवाच्या कृपेने मिळते आणि विश्वासाने स्वीकारायचे असते, हे प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेले वचन आमच्या प्रॉटेस्टंट घरात लहानपणीच पाठ करून घेतलेले. मग प्रेषित याकोबाच्या कबरीपर्यंत पाय झिजवून मी नेमके काय मिळवणार होतो? तरीही यात्रेकरूच्या पुस्तिकेत मुक्कामागणिक शिक्के पडू लागले, तसा मी ते रोज रात्री मोजू लागलो आणि मधला टप्पा बसने गाठणाऱ्यांना मनातल्या मनात कमी लेखू लागलो, हे कबूल केले पाहिजे.

क्रूस दे फेर्रो येथे, सुमारे १,५०० मीटर उंचीवर, एका उंच लाकडी खांबाच्या टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आहे आणि पायथ्याशी यात्रेकरूंनी आणून ठेवलेल्या दगडांची रास. मीही खिशातला खडा तिथे ठेवला. ओझे उतरल्यासारखे वाटले खरे, पण त्याच दिवशी मोलिनासेकाच्या खडकाळ उतारावर उजवा गुडघा सुजला, आणि विल्याफ्रांका देल बिएर्थोला पोहोचलो तो काठीवर भार देत, लंगडतच.

गावात शिरतानाच याकोबाच्या नावाचे जुने दगडी चर्च लागते. त्याच्या उत्तरेकडच्या दाराला क्षमेचा दरवाजा म्हणतात. परंपरा अशी, की आजारपणामुळे ज्याला पुढचे डोंगर ओलांडणे शक्य नसे, त्याला या दारापाशीच सांतियागोला पोहोचल्याइतकी दंडमाफी, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट, मिळत असे. एरवी हे दार बंद असते. याकोबाचा सण, म्हणजे २५ जुलै, रविवारी येतो त्या पवित्र वर्षी ते उघडतात.

मी पायरीवर बसलो. दंडमाफीच्या विक्रीवरूनच १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने वाद उभा केला होता आणि त्यातूनच आमचा प्रॉटेस्टंट पंथ निघाला, त्यामुळे हे वाचून माझ्यासारख्याने नाक मुरडायला हवे होते. (कॅथलिक शिकवणीत दंडमाफी म्हणजे तारण नव्हे, क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या शिक्षेतून सूट, हा फरक आम्ही सोयीस्करपणे विसरतो.) पण ज्याचे पाय थकले त्यालाही पोहोचलेला मानणारे ते दार माझ्या हिशेबापेक्षा पौलाच्या अधिक जवळ होते. १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एकत्र मान्य केले, की देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने. ते वाक्य मला तोंडपाठ होते, आणि तरी मी शिक्के मोजत होतो.

एका अनोळखी यात्रेकरू बाईंनी थांबून माझ्या गुडघ्याला ओला रुमाल बांधला, वर स्वतःची पट्टी आवळली. मी पैसे पुढे केले. त्यांनी माझी मूठ मिटवली आणि निघून गेल्या. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे याकोबाच्या पत्रातले वचन मी आजवर धमकीसारखे वाचत आलो होतो.

दोन दिवस विश्रांती घेऊन मी सारियाला बसने गेलो. शेवटचे १०० किलोमीटर चालणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. ते मलाही मिळाले. पुस्तिकेत विल्याफ्रांकानंतरचा शिक्का एकदम सारियाचा आहे.