आमची वाटचाल : बारा चौकटींचा फळा

भोसरी एमआयडीसीत आमच्या मशीन शॉपचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. गुरुवारी सुट्टी, महावितरणची देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी, म्हणून शॉपमधला वेळापत्रकाचा फळा शुक्रवार ते बुधवार असा आखला आहे. सहा दिवस, दोन पाळ्या. प्रत्येक मशीनपुढे बारा चौकटी, चौकटीत त्या पाळीच्या कामाचं कार्ड. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन, बघतं. आम्ही त्याला आधी फळ्यापुढे उभं करतो. शॉपला कुलूप लागायची वेळ आली होती ती चुकलेल्या तारखांमुळे, आणि तिथून वर काढलं ते या फळ्याने.

सुरुवात दोन लेथवर झाली. पुढे कर्जावर सीएनसी आल्या, मग सिलिंड्रिकल ग्राइंडर, गोल भाग घासून अचूक मापात आणणारा. ती वर्षं बरी गेली. खरी कसोटी लागली शाफ्टच्या कामात.

एसएई ८६२० या पोलादाचा शाफ्ट, दोन्ही बाजू टर्निंग (फिरवत कापणं), चावीची खाच, केस हार्डनिंग (वरचा थर कडक करणं), शेवटी ग्राइंडिंग. सायकल टाइम १०० सेकंद, जॉब काढून दुसरा लावायला २० सेकंद. म्हणजे दोन मिनिटांना एक, तासाला ३०, आठ तासांच्या पाळीला २४०. बारा पाळ्यांचे २,८८० धरून आम्ही तारखा दिल्या. हाती येत होते २,२६० च्या आसपास. दर आठवड्याला सहाशे नगांचा खड्डा पडत होता आणि आम्ही तो ओव्हरटाइमने भरत होतो. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. त्यात सलग दुसरी पाळी करणाऱ्या माणसाच्या हातून पहाटे गेज नीट लागत नाही, रिजेक्शन वाढतं. दोन महिन्यांत बँकेचा हप्ता अडकला. एका मोठ्या कंपनीने लाइन थांबल्याचं सांगून बिलातून रक्कम कापली, आणि त्याबद्दल आमचं म्हणणं ऐकूनही घेतलं नाही. ती सल अजून आहे.

खड्डा कुठे आहे ते आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाने दाखवलं. पंप बनवणारे ते साहेब स्टॉपवॉच घेऊन पूर्ण पाळी मशीनजवळ उभे राहिले आणि वहीत लिहीत गेले. पाळी साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० गेली. पाळी बदलताना साफसफाई आणि जॉब समजावून देणं, १५. उरली ४४५. त्यातून इन्सर्ट (कापणारी धार) बदलणं, ऑफसेट देणं (माप सरकलं की मशीनमध्ये दुरुस्त करणं), कूलंट भरणं, चिप्स काढणं, मोजमाप यांत सरासरी पंधरा टक्के जातात. हातात ३७८ मिनिटं, म्हणजे १८९ नग. तेव्हापासून आमच्याकडे कोणताही जॉब कोटेशनच्या आकड्यावर फळ्यावर चढत नाही. पहिल्या तीन पाळ्यांचं खरं उत्पादन मोजायचं आणि तो आकडा धरायचा. सेटिंग त्यात मिसळायचं नाही. जॉब धरणारे सॉफ्ट जॉ त्याच्या मापाला बोअर करणं, टूल लावणं, फर्स्ट पीस पास होणं याला आमच्याकडे दोन ते अडीच तास लागतात, म्हणून सेटिंगचं कार्ड वेगळं, पिवळं.

दुसरी चूक याहून मोठी होती. आम्ही वेळापत्रक सीएनसीपासून सुरू करत होतो, आणि माल अडत होता ग्राइंडरवर. शाफ्टला ग्राइंडिंगची चार मिनिटं लागतात. दर २५ नगांनंतर व्हील ड्रेसिंगची, म्हणजे ग्राइंडिंगचं चाक पुन्हा धारदार करायची, सहा. पाळीला हिशेबाने ८९ येतात, धरायचे ८५. टर्निंगमधून पाळीला १८९ पुढे जायचे, त्यामुळे हार्डनिंग होऊन आलेल्या शाफ्टच्या क्रेट ग्राइंडरपुढे साचायच्या, पैसा त्यात गुंतून पडायचा, आणि नेमका तातडीचा जॉब तळाशी असायचा.

आता पहिलं कार्ड ग्राइंडरच्या ओळीत लागतं. ६०० शाफ्ट बुधवारी द्यायचे असतील तर ग्राइंडिंगच्या आठ पाळ्या धरायच्या (सात पुरत नाहीत), तपासणी आणि पॅकिंगला अर्धा दिवस ठेवायचा. त्याआधी स्ट्रेटनिंगला अर्धा दिवस, कारण हार्डनिंगमध्ये लांब शाफ्ट वाकतो आणि रन-आउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) काढल्याशिवाय ग्राइंडिंगसाठी जादा ठेवलेला ०.३ मिलिमीटरचा थर पुरत नाही. हार्डनिंगसाठी बाहेर हीट ट्रीटमेंटला पाठवलेल्या मालाचे जाऊन येऊन तीन दिवस. बुधवारी संध्याकाळी पाठवलेला माल शुक्रवारपर्यंत तसाच पडून राहतो, म्हणून आम्ही तो मंगळवारी दुपारच्या आत पोचवतो. असं मागे मागे येत टर्निंग कधी सुरू करायचं ते ठरतं.

बारापैकी दहाच चौकटी भरायच्या. सोमवारची आणि बुधवारची दुसरी पाळी मोकळी. सोमवारची आठवड्यातली पडझड भरून काढायला, बुधवारची सुट्टीआधी माल निघावा म्हणून. चालू आठवडा गोठवलेला, त्यात मालकानेही कार्ड हलवायचं नाही. पुढचा आठवडा पेन्सिलने, तिसरा फक्त तासांच्या बेरजेपुरता. नवीन शॉप काढणाऱ्यांना आग्रहाने सांगतो, संगणकावरचं वेळापत्रक खुशाल करा, पण भिंतीवर फळा हवाच. ऑपरेटरला हात न पुसता दिसेल असा.

याच काळात मागच्या गल्लीतल्या एका शॉपने, आम्ही २४ दिवस मागितलेलं काम १५ दिवसांत देतो म्हणून उचललं. दिवाळीचा बोनस झाल्यावर आमचे दोन सेटरही नेले. तो माल त्यांनी २६ व्या दिवशी दिला. गिऱ्हाईक आमच्याकडे परत आलं नाही. आम्ही खरी तारीख सांगितली होती, आणि काम गेलं.

सेटर गेले तेव्हा कळलं की फळ्यावर मशीन होत्या, माणसं नव्हती. मग शेजारी दुसरा तक्ता लावला. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात कामं. स्वतः सेटिंग करू शकतो त्याला दोन टिकल्या, जॉब चालवू शकतो त्याला एक. ज्या रकान्यात दोन टिकल्यांचा एकच माणूस, ते काम धोक्यात. आमच्याकडे ग्राइंडरच्या रकान्यात एकटे काका होते, पहिल्या लेथपासूनचे. त्यांच्या हाताखाली रोज शेवटचा एक तास एक मुलगा ठेवला. मोकळ्या चौकटींत त्याच्याकडून ड्रेसिंग करून घेतलं. सहा महिन्यांत तो ग्राइंडर एकटा चालवू लागला.

रजाही याच तक्त्यावर. चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा, जूनमधली पेरणी, आषाढी वारी, गणपती, दिवाळी. बिहारच्या मुलांना दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. वारीच्या आणि सणांच्या तारखा पंचांगात आधीच छापलेल्या असतात. आम्ही जानेवारीत प्रत्येकाकडून गावची जत्रा आणि घरातलं लग्न लिहून घेतो. एका कामाचे दोघे एकाच आठवड्यात गेले तर त्या आठवड्यात दहा नाही, सातच चौकटी भरतो आणि गिऱ्हाइकाला महिनाभर आधी कळवतो. रजा नाकारली तर माणूस न सांगता जातो, मग चौकट ऐन वेळी रिकामी होते.

पंपवाले साहेब आजही तीन महिन्यांची गरज आधी पाठवतात आणि शुक्रवारी सकाळी फळ्याचा फोटो मागवतात. त्यांच्या भरवशावर दुसरा ग्राइंडर घेतला. आता क्रेट स्ट्रेटनिंग प्रेसपुढे साचायला लागल्या आहेत, म्हणून या महिन्यापासून पहिलं कार्ड प्रेसच्या ओळीत लावतो.