तुम्ही विचारलंत म्हणून: इमारती चकचकीत, मग रड कसली?

‘एवढी नवी सायन्स बिल्डिंग उभी राहिली, पार्किंगवर सोलर पॅनल चढले, आणि तुम्ही म्हणता कॉलेजकडे पैसे नाहीत?’ सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी मंडळींना मी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात, शिकवते असं सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. एका काकांनी तर ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणून विषयच मिटवला. नाही हो काका, वासा चांगला भक्कम आहे. कणगी रिकामी आहे.

असं होतं ते कायद्यामुळे. कॅलिफोर्नियात कॉलेज डिस्ट्रिक्टला, म्हणजे एका भागातली कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, इमारतींसाठी बाँड (कर्जरोखे) काढायचा असेल तर मतदारांची ५५ टक्के मतं पुरतात. २००० सालच्या प्रपोझिशन ३९ने, म्हणजे मतदारांनी थेट मतदानातून मंजूर केलेल्या प्रस्तावाने, ही सोय करून दिली. मात्र त्या पैशातून पगाराचा एक डॉलरही देता येत नाही. शिक्षक, समुपदेशक, लायब्ररीतली माणसं यांच्यासाठी स्थानिक पातळीवर पैसा उभा करायचा तर पार्सल टॅक्स, म्हणजे प्रत्येक मालमत्तेमागे ठरावीक रकमेचा कर, लावावा लागतो आणि त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. मार्च २०२०मध्ये फूटहिल-डी अँझा डिस्ट्रिक्टने मतदारांपुढे दोन्ही गोष्टी एकदमच ठेवल्या. ८९ कोटी ८० लाख डॉलरचा बाँड मंजूर झाला. वर्षाला ४८ डॉलरचा पार्सल टॅक्स मात्र बहुमत मिळूनही पडला. याच डिस्ट्रिक्टमधल्या क्युपर्टिनोत ४८ डॉलरमध्ये चौघांचं धड जेवण होत नाही, पण ते असो.

मुळाशी जायचं तर १९७८पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी प्रपोझिशन १३ आलं आणि मालमत्ता कर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला. घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढवता येते. कधीकाळी घर घेतलेल्या शेजारच्या आजोबांचा कर किती आणि आपला किती, हे इथे अलीकडे घर घेतलेल्यांना वेगळं सांगायला नको. प्रपोझिशन १३ येईपर्यंत कॉलेजं स्थानिक कराच्या जोरावर चालत आणि फीही नव्हती. तो करच आखडल्यावर पैशाची सूत्रं राज्याकडे गेली. १९८४मध्ये पहिल्यांदा फी लागली.

राज्याचा पैसा म्हणजे मोठ्या प्रमाणात श्रीमंतांच्या आयकराचा पैसा, आणि तो शेअर बाजाराबरोबर वरखाली होतो. बाजार कोसळला की तिजोरी आटते. नेमक्या त्याच वेळी नोकरी गेलेली माणसं नवं काही शिकायला कॉलेजच्या दारात येतात. २००८च्या मंदीनंतर हेच झालं. वर्ग कापले गेले, लोक परत पाठवले गेले, आणि युनिटमागे (विषयाच्या श्रेयांकामागे) २० डॉलर असलेली फी २००९मध्ये २६, २०११मध्ये ३६ आणि २०१२मध्ये ४६ झाली. तेव्हापासून ती ४६च आहे. चार युनिटच्या माझ्या विषयाचे १८४ डॉलर होतात, आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना तेही माफ. ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी असं मला वाटतं. फी वाढवा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

सगळीच कॉलेजं कडकीत आहेत असंही नाही. काही डिस्ट्रिक्टमध्ये मालमत्ता कर इतका जमतो की राज्याच्या सूत्राने ठरलेल्या रकमेच्याही वर जातो, आणि वरचा पैसा त्यांच्याकडेच राहतो. सॅन मटेओ काउंटीतली तीन कॉलेजं अशी आहेत. तिथल्या रहिवाशांना फी माफ करणंही त्यांना जमलं. घरांचे भाव तिथेही आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्येही आभाळाला भिडलेले, पण हद्दीची रेघ ओलांडली की कॉलेजचं नशीब बदलतं.

आता माझं. मी स्टॅटिस्टिक्स शिकवते, दोन कॉलेजांत, दोन्हीकडे पार्टटाइम. एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम पार्टटाइम शिक्षकाला देता येत नाही, म्हणून आमच्यासारखे सगळे एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायला हायवेवर. माझ्या गाडीच्या डिकीत मार्करचा डबा, दोन कॉलेजांच्या उत्तरपत्रिकांच्या दोन पिशव्या आणि कॅल्क्युलेटरचा खोका कायमचे असतात. माझी एक वर्गमैत्रीण मराठवाड्यातल्या कॉलेजात वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर आहे. फोनवर आमचं रडगाणं इतकं जुळतं की कोण अमेरिकेत आणि कोण मराठवाड्यात, ऐकणाऱ्याला कळू नये. फरक एवढाच, की तिचं मानधन महिनोन्महिने रखडतं आणि माझं वेळेवर येतं.

हात आखडला की पहिला घाव संध्याकाळच्या वर्गांवर पडतो. मागे माझा एक वर्ग सत्र सुरू व्हायच्या तोंडावर रद्द झाला, कारण नावं भरली नव्हती. त्यात एक बाई होत्या, दिवसा वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या. नर्सिंगला अर्ज करायचा तर त्यांना स्टॅटिस्टिक्स हवंच होतं, आणि सकाळचा वर्ग त्यांना शक्य नव्हता. मी त्यांना दुसऱ्या कॉलेजातल्या ऑनलाइन वर्गाची लिंक पाठवली. ‘मला गणित समोर बसूनच कळतं,’ एवढंच त्यांचं उत्तर आलं. कॉलेजचा हिशेबही चुकीचा नव्हता. अर्धा रिकामा वर्ग चालवायचा तर तो पैसा दुसऱ्या कुठल्या तरी वर्गातूनच काढावा लागला असता.

यानंतर तुमचा पुढचा प्रश्न येतोच: मग मुलांना तिथे पाठवायचं की नाही? जरूर पाठवा. हायस्कूलमधल्या मुलांना एक-दोन विषय घ्यायचे तर बहुतेक ठिकाणी फी पडत नाही, आणि सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांनंतर ‘सेन्सस डे’ला जेवढी डोकी मोजली जातात त्यावर कॉलेजचा राज्याकडचा वाटा बराचसा ठरतो. फक्त नाव लवकर नोंदवा. ‘बघू, शेवटच्या आठवड्यात करू’ म्हणून थांबू नका, कारण कुठला वर्ग ठेवायचा आणि कुठला काढायचा हे डीन त्याच्या आधीच ठरवून मोकळे होतात.