शेडचं किट आलं, पण त्यात जमीन नव्हती

न्यू जर्सीत घर घेतल्यावर दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये एकच गाडी मावते, हे लवकरच कळतं. गवत कापायचं यंत्र, स्नो ब्लोअर, दुधी-कारल्याच्या मांडवाच्या काठ्या, खताच्या पिशव्या आणि गणपतीच्या मखराचे खोके या सगळ्यांना जागा लागते. म्हणून मागच्या अंगणासाठी ८ बाय १० फुटांच्या लाकडी शेडचं किट मागवलं. खोक्यावरच्या चित्रात हिरव्या सपाट गवतावर शेड दिमाखात उभी होती. आमचं अंगण मात्र कुंपणाकडे चांगलंच उतरतं.

आधी कागदपत्रं. आमच्या राज्यात २०० चौरस फुटांपर्यंतच्या आणि १० फुटांपेक्षा उंच नसलेल्या बागेच्या शेडला, आत वीज-पाणी घेणार नसाल तर, बांधकामाचा परवाना लागत नाही. हे ऐकून लोक खूश होतात आणि थेट खोदायला लागतात. पण गावाची झोनिंगची, म्हणजे जागेवर कुठे काय बांधता येईल याची, परवानगी वेगळी. घर घेताना मिळालेल्या मोजणीच्या नकाशाच्या प्रतीवर शेड कुठे येणार, हे काढून द्यावं लागलं. हद्दीपासून किती फूट सोडायचं, हे प्रत्येक गावाचं निराळं असतं. मित्राच्या गावातला आकडा आपल्या कामाचा नाही.

मग ८११ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ्या कुठून जातात ते दाखवून घेण्याच्या नंबरला, फोन. खोदण्याच्या किमान तीन कामाच्या दिवसांआधी कळवायचं, सेवा मोफत. माणसं येऊन गवतावर रंगाने खुणा करून जातात. विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, केबल-टेलिफोनला नारिंगी. अंगण रंगपंचमीनंतरच्या गल्लीसारखं दिसत होतं. आपण घातलेल्या स्प्रिंकलरच्या नळ्या ते दाखवत नाहीत. त्या खासगी, आपल्या आपण शोधायच्या.

खरं काम यानंतरचं, आणि किटच्या पुस्तिकेत त्याला एकच ओळ होती: ‘सपाट व भक्कम पाया तयार करा.’ शेडच्या चारही बाजूंना एकेक फूट जास्त धरला, म्हणजे १० बाय १२ फूट. वरची माती काढली. कडेने प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या, लाकडाची चौकट बसवली, आत माती अडवणारं कापड अंथरलं आणि त्यावर चार इंच पाऊण इंची खडी. हिशोबाने ४० घनफूट, आपल्याकडच्या अर्ध्या ब्रासलाही (ब्रास म्हणजे १०० घनफूट) कमीच. ढकलगाडीने मागे नेताना मात्र तो आकडा अजिबात लहान वाटत नाही. खडी हवी, कारण पाणी खाली निघून जातं आणि लाकूड ओल्या मातीला टेकत नाही. इथल्या थंडीत मातीतलं पाणी गोठून जमीन वर उचलते, तेव्हा ही खडीच कामाला येते.

पातळी बघायला लेझर होता, पण मला गवंड्यांची पाण्याची नळीच जास्त भरवशाची वाटते. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन खुंट्यांना धरायची. दोन्हीकडचं पाणी खोटं बोलत नाही. काटकोनासाठी आधी ६-८-१०चा त्रिकोण, मग दोन्ही कर्ण मोजले. ८ बाय १०च्या तळाचा कर्ण १२ फूट ९ इंच आणि साडेपाच सुतांच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आसपास येतो. दोन कर्णांत दोन सुतांचाही फरक राहिला, तर तो पुढे छपरापर्यंत चढत जातो. त्यामुळे या टप्प्यावर वाटेल तेवढा वेळ घालवावा, असं माझं ठाम मत आहे.

भिंती जमिनीवर आडव्या ठोकून मग उभ्या करायच्या. तेव्हा मदतीला दोन माणसं हवीत आणि वारा नको. मित्र आले, बायकोने पोह्यांची परात बाहेर आणली आणि दुपारपर्यंत चारही भिंती तिरप्या टेकूंवर उभ्या राहिल्या. छपराच्या त्रिकोणी कैच्या बसवणं त्याहून सोपं, कारण सगळं मोजून कापलेलंच होतं. किटची किंमत वसूल होते ती इथे.

किट घेताना काय काय मिळत नाही, ती यादी आधी वाचा. आमच्यात जमिनीचं प्लायवूड नव्हतं, छपरावर ठोकायच्या शिंगल नव्हत्या, रंगही नव्हता. शिंगलचे तीन गठ्ठे साधारण १०० चौरस फूट झाकतात; उतार आणि वळचण धरून आम्हाला चार लागले. एकेक गठ्ठा चांगला जड असतो, तेव्हा शिडीवर अख्खा नेऊ नये, थोडा थोडा वर द्यावा. रंग दोन हात, आणि फळ्यांच्या खालच्या कापलेल्या कडांना आधी. पाणी तिथूनच शिरतं.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर शेडच्या जमिनीवर लेव्हल ठेवून पाहिली, बुडबुडा मधोमध. जुलैच्या दमट हवेत मात्र दाराचं लाकूड फुगतं, म्हणून दोन पल्ल्यांमध्ये दीड-दोन सुतांची फट सोडली आहे. तेवढी पुरते.