हनुवटीवरच्या केसांविषयी, तुम्ही विचारलंत म्हणून

"हे केस तू काढून का टाकत नाहीस?" हा प्रश्न मला गेली सहा वर्षे विचारला जात आहे. विचारणाऱ्यांत मायेने विचारणारेच जास्त आहेत, हे आधीच मान्य करते. मावशी हळूच बाजूला घेऊन विचारते, कामावरची मैत्रीण लेझरची माहिती पुढे करते, आणि हल्ली एक तिसरा वर्ग तयार झाला आहे, जो काही न विचारता थेट अभिनंदनच करतो: "किती छान स्वीकारलं आहेस तू स्वतःला!" खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त राग या तिसऱ्या वर्गाचा येतो. म्हणून एकदाच काय ते सविस्तर सांगते.

मला पीसीओएस आहे, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी चुकते आणि नको तिथे केस येतात; याहून जास्त सांगत बसत नाही. ते तुम्ही मलाच पुष्कळदा समजावून सांगितले आहे. फक्त एक दुरुस्ती करते. "वजन कमी कर, केस आपोआप जातील," हे अर्धेच खरे आहे. वजन पाच ते दहा टक्के उतरले तर काहीजणींची पाळी पुन्हा सुरळीत होते, हे खरे आणि माझ्याही बाबतीत काही महिने तसे झाले. परंतु अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांमुळे एखादी कोवळी लव एकदा जाड, काळा केस झाली की ती सहसा पूर्वीसारखी होत नाही. अकरा किलो उतरवले तेव्हा माझ्या बीजांडकोशांपर्यंत ती बातमी पोहोचली. हनुवटीपर्यंत काही गेली नाही. लेझरच्या आठ बैठकाही झाल्या. केस विरळ झाले आणि दीड वर्षाने, संप्रेरके तीच असल्याने, शेजारून नवे उगवले.

सतराव्या वर्षी निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी एका तक्त्यावर माझे केस मोजले होते. फेरीमन आणि गॉलवे या दोघांनी १९६१ साली मांडलेल्या पद्धतीचे ते नंतर सुधारलेले रूप आहे: शरीराचे नऊ भाग, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण छत्तीस. माझ्या हनुवटीला तीन मिळाले. एरवी गुणांसाठी रडणाऱ्या मला गुण जास्त मिळाल्याचे दुःख तेव्हा पहिल्यांदा झाले. त्यानंतरची सतरा वर्षे मी रोज सकाळी खिडकीजवळ आरसा धरून प्लकरने एकेक केस उपटला. एक प्लकर पर्समध्ये असे, एक कामाच्या ठिकाणी खणात, आणि एक प्रवासाच्या बॅगेत कायमचा. बोलताना हात हनुवटीवर ठेवायची सवय लागली आणि लोक मला विचारी समजू लागले.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळे लिहिते आहे तिच्याकडे येते. ती मी आजवर कोणालाही पूर्ण सांगितलेली नाही.

चौतिसाव्या वर्षी मला सात महिने पाळी आली नाही. ती तशी नेहमीच चुकत असे, त्यामुळे मी लक्ष दिले नाही. उलट, कटकट नाही म्हणून बरेच वाटले. मग ती सुरू झाली आणि थांबेना. पंधराव्या दिवशी गाठी पडू लागल्या, तासाभरात पॅड भरू लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. धाकटी बहीण म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल." मी म्हणाले, "परवा जाऊ."

परवा का? तर तीन दिवसांपूर्वी घरी वॅक्स करताना हनुवटीची कातडी भाजली होती. तिच्यावर खपल्या धरल्या होत्या आणि त्या खपल्यांच्या मधून केस वर आले होते. तपासायच्या टेबलावर वरून दिवा लावतात, तो चेहऱ्यावरही पडतो, आणि त्या उजेडात कोणीतरी माझी हनुवटी बघेल, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. कंबरेखालून रक्त जात होते आणि मला लाज वाटत होती ती मानेच्या वरची.

ते दोन दिवस मी न्हाणीघरात, खाली दुहेरी टॉवेल पसरून, पाटावर बसून काढले. हातातला आरसा थरथरत होता. प्लकरचे टोक केसाऐवजी खपलीत शिरत होते, खपली निघून तिथेही रक्त येत होते, ते मी टॉवेलच्या कोपऱ्याने टिपत होते आणि पुन्हा आरसा धरत होते. एक केस, मग दुसरा. डाव्या बाजूचे संपले, उजव्या बाजूचे बहुधा चार-पाच राहिले असतील, तेवढ्यात आरसा हातातून सुटला. पुढचे मला आठवत नाही. बहिणीने दाराची कडी तोडली.

हिमोग्लोबिन ५.८ निघाले. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या आणि क्युरेटिंगसाठी, म्हणजे गर्भपिशवीचे अस्तर खरवडून काढायला, आत घेतले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या तोंडावर मास्क ठेवला आणि तो नीट बसावा म्हणून जबडा उचलून धरला. त्यांची बोटे बरोबर हनुवटीखाली होती. शुद्ध जाण्यापूर्वी माझ्या मनात आलेला शेवटचा विचार मृत्यूचा नव्हता, आईचाही नव्हता. यांच्या बोटांना ते राहिलेले केस टोचत असतील का, हा होता.

नंतर वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारले, "इतके दिवस का थांबलात?" मी सांगितले, "कामाचा ताण होता."

गर्भपिशवीचे अस्तर तपासायला पाठवले होते. ते प्रमाणाबाहेर जाड झाले होते, मात्र पेशींमध्ये विकृती नव्हती. कारण साधे आहे आणि ते मला सतराव्या वर्षी केसांचे गुण देण्याआधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. स्त्रीबीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन पुरेसे तयार होत नाही, आणि ते नसले की इस्ट्रोजेन अस्तराचे थरावर थर चढवत राहते. म्हणून पीसीओएसमध्ये तीन-तीन महिने पाळी न येणे ही सुटका नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन, गरज असेल तर गोळ्या घेऊन ती आणायची असते. माझ्या गर्भाशयात संप्रेरक सोडणारे साधन बसवले. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा अस्तराचा तुकडा तपासला, दोन्हीदा अहवाल चांगला आला. मी ठीक आहे, काळजी नसावी.

तेव्हापासून मी केस काढत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. मला हे केस आवडत नाहीत. मी ते 'स्वीकारलेले' वगैरे नाहीत. दारावर आलेले टपाल सही करून घेतात तसा हा एका सहीत उरकणारा व्यवहार असता तर मी तो कधीच उरकला असता. दार आणि मी यांच्यामध्ये पुन्हा कधी आरसा येऊ नये, एवढ्याचसाठी हा बंदोबस्त आहे. कोणत्याही क्षणी, आहे त्या तोंडाने, मला दवाखान्यात जाता आले पाहिजे.

हे लिहिताना विशीतली मी मला गप्प बसू देत नाही. ती म्हणते, पूर्वी केस काढायचे व्रत होते, आता न काढायचे. तुझे सगळे अजून केसांभोवतीच फिरते आहे. ती म्हणते, त्या प्लकरने मला मुलाखतींना जाता आले, लोकांत मान वर करून बोलता आले, त्याला आज नावे ठेवू नकोस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. गेल्या वर्षी पासपोर्टच्या फोटोआधी मी खिडकीजवळ उभी राहून सगळे केस काढले, आणि त्या संध्याकाळी मला हलके वाटले, हेही लिहून ठेवते. ज्यांनी माझे अभिनंदन केले आहे त्यांनी ते परत घ्यायला हरकत नाही.

मागच्या महिन्यात बहिणीची मुलगी माझ्या खोलीत आली. सोळा वर्षांची आहे. दार लोटून घेतले आणि म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे प्लकर आहे ना? आईला सांगू नकोस." हनुवटीखाली तिने हात धरला होता, अगदी माझ्यासारखा. शरीरावर प्रेम करण्याविषयीचे एखादे वाक्य मला तेव्हा सुचायला हवे होते. ते सुचले नाही. मी खणातून प्लकर काढून दिला आणि विचारले, "शेवटची पाळी कधी आली होती?"

तिने बोटांवर महिने मोजले. चार झाले होते.

आईला सांगावे लागेल, असे म्हटल्यावर ती थोडी रडली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. निघायच्या वेळी ती न्हाणीघरात होती आणि आतून म्हणाली, "पाचच मिनिटं." बहीण माझ्याकडे बघत होती. मी घड्याळ बघितले आणि दाराबाहेर उभी राहिले.