पंप कोकलतो तेव्हा

परवा रात्री दोन वाजता माझा इन्सुलिन पंप, म्हणजे मधुमेहासाठी अंगाला लावलेलं, नळीतून सतत इन्सुलिन देणारं यंत्र, कोकलायला लागला, जळगावचा मे महिना, सगळे गच्चीवर झोपलेलो, माय दचकून उठली, "काय रे, तुना मोबाईल वाजी ऱ्हायना का?" स्क्रीनवर ऑक्लूजन, म्हणजे नळीत कुठेतरी अडथळा. पूर्वी मी हा अलार्म बंद करून परत झोपायचो, निव्वळ गाढवपणा. पंपात फक्त लवकर काम करणारं इन्सुलिन असतं, लांब पल्ल्याचं नसतंच, त्यामुळे पुरवठा थांबला की काही तासांत शुगर चढते आणि कीटोन, म्हणजे रक्तात साचणारी घातक आम्लं, व्हायला लागतात. टॉर्च मारून पाहिलं तर पोटावरची कॅन्युला, कातडीखाली जाणारी बारीक नळी, चक्क मुडपलेली. शुगर ३१२. करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, इन्सुलिन पेननेच घेतला, मग नळी-कॅन्युलाचा सेट बदलला.

गंमत म्हणजे बेसल, म्हणजे दिवसभर थेंबथेंब जाणारं इन्सुलिन, कमी असेल तर हा अलार्म यायलाच काही तास लागू शकतात, आणि कॅन्युला निघून इन्सुलिन बाहेर गळत असेल तर बहुतेक वेळा वाजतच नाही, पंपाला कळतो तो फक्त नळीतला दाब. आमच्याकडच्या उन्हानं इन्सुलिन खराब झालं तरी गप्पच! म्हणून पंप शांत असला तरी मी शुगर बघतोच. रिझर्व्हॉयरमधलं, म्हणजे पंपाच्या टाकीतलं, इन्सुलिन कमी झाल्याची पिकपिक मात्र तेवढी घाईची नसते, सकाळपर्यंत पुरेल का बघायचं आणि झोपायचं.

माय आता आवाजावरून सांगते, कोणता अलार्म ते.